हारुबाईच्या चार पत्त्या

शारजाहून आल्यापासून आळीतल्या बायका एकच विचारतात, ती सगळ्यात उंच बिल्डिंग बघितलीस का. बघितली. वर बघून मान दुखली. संतोषने फोटो काढला, त्यात माझं डोकं आहे आणि बिल्डिंग अर्धीच आहे. त्याच्यात सांगण्यासारखं काय नाय. सांगायचं ते दुसरंच आहे, आणि ते उभ्या उभ्या नळावर सांगण्यासारखं नाय, म्हणून नातीच्या जुन्या वहीत लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले. लिहिते ते बोलल्यासारखंच.

अल नहदा

संतोष माझा मुलगा. तिथं एसीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. सून स्मिता ऑफिसात जाते, नात ईशा तेरा वर्षांची. अल नहदा म्हणून भाग आहे, शारजा संपते आणि दुबई सुरू होते तिथंच. बिल्डिंगीला बिल्डिंग लागलेली. आम्ही सहाव्या मजल्यावर. खिडकी आहे, पण उघडत नाय. घरात थंड, बाहेर गरम, आणि मी मध्ये काचेला नाक लावून.

संतोष पहिल्याच दिवशी बोलला, आई, आता तीन महिने फक्त आराम कर. तिथंच घोटाळा झाला. मला आराम करायची सवय नाय. दहा वर्षांची होते तेव्हापासून दुसऱ्याच्या शेतात लावणीला गेले. लग्न झालं, मंग पावसाळ्यात लावणी, उन्हाळ्यात मच्छी सुकवायची, आणि संतोष शाळेत गेल्यावर सरकारी दवाखान्यात झाडू. अठ्ठावीस वर्षं. हात थांबले की माझ्या छातीत धडधड होते. इथं भांडी मशीन घासते, कपडे मशीन धुते, खाली झाडायला नेपाळी पोरं. मी मशीनने घासलेली भांडी काढून परत घासायची. स्मिताने बघितलं, पण काय बोलली नाय. चांगली आहे ती.

दिवसभर मी खिडकी ते दार, दार ते खिडकी. मंग दाराबाहेरच्या लांब पडवीत फेऱ्या. शेजारी रुक्साना राहते, श्रीवर्धनची, नवऱ्याचं मच्छीचं दुकान आहे. ती रोज दार उघडून बघायची. एक दिवस बोलली, "मावशी, इथं बायका दोन जातीच्या. एक ऑफिसला जानाऱ्या, एक खिडकीत बसनाऱ्या. तुमी तिसरी जात काढलीत. या आत, चाय घ्या, यल्ला." यल्ला म्हणजे चला, तिथं सगळे बोलतात. तिने तांदळाची भाकर आणि सुरमईचं कालवण वाढलं. कोकम घातलेलं. तेव्हा जरा जीव खाली बसला.

चौथ्या दिवशी दुपारी फेऱ्या मारताना वरून आवाज आला. एकच सूर, लांब, मंग त्याच्या वरचा, मंग त्याच्या वरचा. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. वाजा कुठला ते कळलं नाय, पण तोंडात पत्ती धरून फुंकलेला आहे एवढं कळलं. हा आवाज मी एकवीस वर्षं ऐकलाय.

आमचे हे महाडला बँडमध्ये क्लारनेट वाजवायचे. पुढचं क्लारनेट. गाणं ते उचलायचे आणि बाकीचे मागून यायचे. क्लारनेटच्या तोंडाला एक चपटी पत्ती बांधतात, बोरूसारख्या वेताची, नखाएवढ्या टोकाची. सगळा आवाज त्या पत्तीचा. ती ओली करायची, वाळवायची, जाड वाटली तर काचेच्या तुकड्याने तासायची. तासायचं काम माझं असायचं. त्यांचे हात मोठे होते, माझे बारीक.

संध्याकाळी ईशाला विचारलं, वर कोण वाजवतं गं? ती बोलली, "आजी, दॅट्स माय टीचर. हारुको-सान. शी'ज जॅपनीज. सॅक्सोफोन." मी बोलले, मला ने. ती बोलली, "व्हाय?" मी बोलले, असंच.

नववा मजला

दार उघडलं तर एक बुटकी बाई, माझ्याच वयाची, पांढरे केस पोरासारखे कापलेले, पाय अनवाणी. तिने पहिली खूण केली ती चपला बाहेर काढायची. शारजात लोक बूट घालून गालिच्यावर फिरतात, मला किळस यायची. ही पहिली बाई, जिच्या घरी आपल्यासारखं दारात चपला. मला बरं वाटलं.

ती ईशाशी इंग्लिशमध्ये बोलत होती आणि बोलता बोलता गालात पत्ती धरून ओली करत होती. आमचे हे असेच करायचे. जेवणाचं ताट पुढं आलं तरी गालात पत्ती असायची. मी बोटाने दाखवून बोलले, "पत्ती." मंग हाताने क्लारनेट धरल्यासारखं केलं. ईशाने सांगितलं, माझे आजोबा वाजवायचे, लग्नाच्या बँडमध्ये, रस्त्यावर.

ती बाई सरळ उभी राहिली आणि कमरेतून वाकली. खाली, मान खाली घालून, मोजून वाकली. त्यांच्याकडं मान देतात तशी. मी गडबडून हात जोडले. बँडवाल्याच्या बायकोसाठी आमच्याकडं कोणी खुर्चीवरून उठलेलं मी बघितलं नाय. लग्नघरी आम्हाला जेवण मांडवाच्या मागं मिळायचं.

मंग मी रोज जायला लागले. भाकरी घेऊन जायची, ती मला हिरवा कडू चहा द्यायची. भाषा नाय, पण अडलं नाय. ती वाजवायची, मी तिच्या कुंड्यांतली पिवळी पानं काढायची. ती मला आजीसान बोलायची, मी तिला हारुबाई. ईशा हसायची. तिची एक वस्तू मी पहिल्याच आठवड्यात हेरली. काचेची छोटी पाटी, तिच्यावर चार पत्त्या वाळत, प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा. एक, दोन, तीन, चार. बाजूला बारीक सुरी. आज एक नंबर, उद्या दोन नंबर, अशी पाळीपाळीने वाजवायची.

खलिफा सिटी

एका शनिवारी हारुबाईला खलिफा सिटीला जायचं होतं. ते अबुधाबीकडं, विमानतळाजवळ, सगळे बंगले, रस्त्यावर माणूस दिसत नाय. तिथं एका बंगल्यात तिचे वाजवणारे जमणार होते. संतोषला सुट्टी होती, तो बोलला मी सोडतो. गाडीत पुढं संतोष आणि मी, मागं हारुबाई आणि ईशा. दोन तास गेले आणि तेवढ्यात मला त्या बाईचा सगळा जन्म कळला. ती इंग्लिशमध्ये सांगायची, ईशा अर्धं मराठी करायची, राहिलेलं संतोष.

तिचा बाप एका बंदराच्या गावात होड्यांचं इंजिन दुरुस्त करायचा. शाळेत बँड होता. हिला बासरी पाहिजे होती, पण बासऱ्या वाटून संपल्या, कपाटात सॅक्सोफोन राहिला होता, जड, कोणी घेईना. म्हणून हिने घेतला. एकोणिसाव्या वर्षी घरात न सांगता टोकियोला गेली. तिथं जॅझ नावाचं गाणं वाजवायचे, सगळे पुरुष. हिला बोलायचे, तू पुढं उभी राहा आणि हस, वाजवायचं आम्ही बघतो. ही हसली नाय. वाजवलं.

मंग नवीन पद्धत आली. जॅझ आणि विजेची गिटार, विजेची पेटी, जोरातला ड्रम, सगळं एकत्र. त्याला फ्युजन बोलतात. मी विचारलं म्हणजे कसं, तर संतोष बोलला, "आई, तुमच्या बँडने सनईची धून घेऊन सिनेमाच्या ठेक्यावर वाजवली, तसंच." मंग आमचे हे फ्युजनच वाजवायचे की. हारुबाईला हे सांगितल्यावर ती खिडकीकडं तोंड करून लय हसली.

त्या गाण्याने ती मोठी झाली. चार रेकॉर्डी निघाल्या. एकीवर तिचा फोटो, लाल गाडीला टेकून, केस खांद्यापर्यंत. अमेरिकेला जाऊन वाजवून आली. दुकानांत तिचं गाणं लागायचं. मंग तिला चाळिसावं लागलं आणि लोकांना दुसरं गाणं आवडायला लागलं. कंपनीने पत्र पाठवलं, एवढंच, कोणी भेटायला आलं नाय. नऊ वर्षं मोठ्या जहाजावर वाजवलं, लोक जेवताना. मंग दुबईच्या एका हॉटेलात, खालच्या दालनात, आठवड्याचे सहा दिवस. लोक सामान घेऊन तिच्या बाजूने जायचे. कोणी बॅग तिच्या पायाजवळ ठेवायचे आणि बोलायचे, जरा लक्ष ठेवा. कोरोना आला आणि हॉटेलने ते वाजवणंही बंद केलं. आता पोरांना शिकवते.

हे सगळं तिने बाजारात काय घेतलं ते सांगावं तशा आवाजात सांगितलं. मी तशीच सांगते. म्हणून मला ती आवडली.

आता काय झालं होतं, तर आजकालच्या पोरांना तिची जुनी रेकॉर्ड फोनवर सापडली. ती लाल गाडीवाली. पोरं ती ऐकतात, नाचतात. एका लेबनानच्या मुलाने तिला शोधून काढलं आणि खोर फक्कानला समुद्राकाठी उघड्यावर कार्यक्रम ठरवला. जपानहून दोन माणसं तो बघायला येणार. त्यांना आवडलं तर तिकडं परत वाजवायला बोलवणार, जवळजवळ तीस वर्षांनी. नाय आवडलं तर ती वाजा विकून बहिणीकडं जाऊन राहणार. हे तिने ठरवलेलं होतं.

आणि तिचा पुढचा वरचा दात हलत होता. सॅक्सोफोन त्याच दातावर टेकतात. डॉक्टर बोलले काढा. ती बोलली, कार्यक्रमानंतर.

दाताचं ऐकल्यावर मी पुढं बघत बसले. बाहेर नुसती वाळू आणि मध्ये मध्ये खजुरीची झाडं, पाणी द्यायच्या नळ्या घातलेली. संतोषने माझ्याकडं बघितलं. त्याला माहीत आहे.

आमच्या ह्यांचाही दात असाच हलला. पुढचाच. पत्ती जाड असली की दाबून धरावी लागते, मंग कळ यायची. मी त्यांच्या पत्त्या पातळ केल्या, एकदम पातळ, म्हणजे नुसती फुंक मारली तरी वाजेल. पोलादपूरच्या वरातीत क्लारनेट चिरकलं. एकदा नाय, तीनदा. बँडच्या मास्तरने भर रस्त्यात त्यांच्या हातातून क्लारनेट काढून आपल्या भाच्याला दिलं. आणि वरात पुढं जायची म्हणून ह्यांच्या डोक्यावर बत्ती ठेवली. बँडच्या दोन बाजूंना माणसं दिव्यांची झुंबरं डोक्यावर घेऊन चालतात ना, तसं. त्या दिवसापासून सहा वर्षं त्यांनी त्याच बँडमध्ये बत्ती वाहिली. मंग छाती बिघडली आणि गेले.

चिरकलं ते दातामुळे की मी तासलेल्या पत्तीमुळे, हे मी त्यांना विचारलं नाय. त्यांनीही सांगितलं नाय. एकतीस वर्षं झाली.

परत अल नहदा

कार्यक्रमाला दोन दिवस राहिले होते. दात तेवढे दिवस टिकवायला हारुबाईला डॉक्टरकडं जायचं होतं आणि तिचं कपडे धुवायचं मशीन दुरुस्त करायला माणूस येणार होता. तिने खुणेने विचारलं, मी बसेन का दार उघडायला. मी खूश झाले. काम मिळालं.

माणूस आला, पाकिस्तानी होता, दहा मिनिटांत मशीन चालू करून गेला. मंग घर शांत. मी कुंड्या पुसल्या. चहाची भांडी घासली. ओटा पुसला. परत पुसला. आणि काचेच्या पाटीवर त्या चार पत्त्या.

मी एक उचलून उजेडात धरली. टोकाला पातळ असते, मध्ये गडद दिसते, तसं बघायचं असतं. मला ती जाड वाटली. तिचा दात हलतो, दोन दिवसांनी दोन तास वाजवायचं, ही जाड पत्ती कशी दाबून धरणार. सुरी तिथंच होती. हात इतक्या वर्षांनी पण विसरले नव्हते. वरून खाली, एका दिशेने, हलकं, भुकटी फुंकायची, परत. एक झाली. मंग दुसरी. चौथी होईपर्यंत मी दुसरं काय मनात आणलंच नाय. शारजाला आल्यापासून तेवढा अर्धा तास माझी छाती धडधडली नाय.

हारुबाई गाल सुजवून आली. मी हसत हसत पाटी पुढं केली आणि दातावर बोट ठेवून हाताने सांगितलं, आता दुखणार नाय.

तिने पाटीकडं बघितलं. एक नंबर उचलली, ओली केली, बांधली, फुंकली. आवाज आला तो कागद फाटल्यासारखा. दुसरी. तिसरी. चौथी चिरकली. तिने चारही पुसून आकड्याप्रमाणे परत पाटीवर ओळीने ठेवल्या. मंग आत गेली आणि माझ्यासाठी चहा करून आणला. दोन्ही हातांनी दिला.

पोलादपूरहून आल्यावर ह्यांनी तेच केलं होतं. पत्ती पुसून डबीत ठेवली आणि बोलले, चहा टाक.

संध्याकाळी ईशाने सगळं सांगितलं. तशा पत्त्या दुकानात मिळतात, पण खोक्यातली कोरी पत्ती तोंडाला बसायला महिने लागतात. रोज थोडी थोडी वाजवून मऊ करायची. तिच्या हलत्या दाताला चालतील अशा त्या चारच तयार झाल्या होत्या. तीन महिन्यांचं काम. संतोष चिडला. "आई, कुणी सांगितलं होतं हात लावायला? घरात बसवत नाही तुला पाच मिनिटं?" खरं होतं. रुक्साना आली होती, ती संतोषला बोलली, "ओरडून काय व्हायचंय भाऊ, खलास, झालं ते झालं." मी जेवले नाय आणि झोपलेही नाय. खिडकी ते दार.

सकाळी देव्हाऱ्यातली पणती घेतली, वात, तेल, काडेपेटी. संतोषच्या वाटीतली सुट्टी नाणी घेतली. ईशाला उठवलं. वर गेलो.

पत्ती मऊ पडली की तिचं टोक जरासं उडवायचं असतं, केसाएवढं. मंग ती परत घट्ट होते. आमचे हे चार आण्याचं नाणं पत्तीच्या टोकावर ठेवायचे, नाण्याच्या बाहेर केसाएवढं टोक ठेवून दोन बोटांत दाबायचे आणि दिव्यावरून फिरवायचे. बाहेरचं तेवढं जळून जातं, नाण्याच्या गोलाईने.

मी हारुबाईच्या ओट्यावर पणती ठेवली, पत्तीच्या टोकावर नाणं ठेवलं. ती बघत राहिली. मंग तिने तोंडावर हात ठेवला. ईशा बोलली, "आजी, तिच्या फर्स्ट बँडमध्ये एक ओल्ड मॅन होता, तो सेम करायचा. सिगरेटच्या लायटरने." तिने ते पन्नास वर्षांत परत बघितलं नव्हतं. मी काडी ओढणार तेवढ्यात तिने माझा हात धरला आणि वर दाखवलं. छतावर धूर ओळखायचं यंत्र. वाजलं तर पूर्ण बिल्डिंग खाली रस्त्यावर येते. ती खुर्चीवर चढली आणि अंघोळीला केसांवर घालतात ती प्लास्टिकची टोपी त्या यंत्राला चढवली. दोघी म्हाताऱ्या आणि वर टोपी घातलेलं यंत्र. ईशा हसून हसून खाली बसली.

पहिली पत्ती मी बिघडवली. पंचवीस फिल्सचं नाणं घेतलं, आपल्या चार आण्याएवढं. पण ते क्लारनेटच्या पत्तीला. हिची पत्ती रुंद, कोपरे जास्त जळाले. एक नंबर गेली. अर्ध्या दिरहमला सात कोपरे, त्याचा उपयोग नाय. मंग एक दिरहमचं नाणं बसलं. दोन नंबर हारुबाईने स्वतः धरली, दिव्यावर जरा जास्त ठेवली, ती भेगाळली. तीन नंबर मी धरली. चार नंबर पण मी. चार बरी झाली, पण खालचे सूर देईना. तीन नंबर तिने लावली आणि फुंकली.

आवाज आला. पहिल्यासारखा नाय. जरा घोगरा, जरा रस्त्यावरचा. तिने डोळे मिटून परत फुंकला.

तेव्हा मी ईशाला बोलले, तिला विचार. माझ्या नवऱ्याचा दात हलत होता. मी त्याची पत्ती अशीच पातळ केली. वरातीत चिरकली आणि त्याचं वाजवणं गेलं. माझ्यामुळे गेलं का.

ईशा माझ्याकडं बघत राहिली. तिला आजोबांचं हे माहीत नव्हतं. मंग तिने विचारलं. हारुबाई सॅक्सोफोन मांडीवर घेऊन बसली. मंग हळू बोलली, आणि ईशाने पहिल्यांदा सगळं मराठीत सांगितलं, थांबत थांबत.

"ती म्हणते, दात हलला की कुठली पण पत्ती चिरकते. आणि ती म्हणते, आजोबांना माहीत होतं. वाजवणाऱ्याला पहिल्या फुंकेत कळतं. त्यांना घरीच कळलं असणार. तरी त्यांनी तीच लावली."

मी पणती विझवली. ओटा पुसला.

खोर फक्कान

खोर फक्कानचा रस्ता डोंगरातून जातो. डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे उंच, पण गवताची काडी नाय, सगळे भाजल्यासारखे तपकिरी. पोटातून बोगदे. बोगदा संपला की समोर समुद्र आणि बंदरावर डबे उचलणारे मोठे मोठे सांगाडे. संतोष बोलला, आई, हे पाणी ओमानला वळसा घालून सरळ आपल्या कोकणात जातं. तिथं काठावर मी भाजी-भाकरी सोडली. हारुबाईने खाल्ली नाय. कार्यक्रमाआधी ती खात नाय.

दगडी पायऱ्यांचं गोल बांधलेलं मैदान होतं, पुढं मंच. ऊन उतरायला लागलं तशी पोरं यायला लागली. अरबी, फिलिपिनो, आपली, गोरी. काहींच्या अंगावर तिचा लाल गाडीवाला फोटो छापलेले शर्ट. त्यांच्या जन्माआधीचा तो फोटो. जपानची दोन माणसं पुढच्या रांगेत ताठ बसली होती.

मला तिने मंचाच्या बाजूला खुर्ची दिली होती. तिथून तिची पेटी दिसत होती. पेटीत तीन नंबर आणि बाजूला खोक्यातली कोरी पत्ती, कडक, पण भरवशाची. ती चिरकली नसती. नुसता दात दुखला असता. तिने दोन्ही बघितल्या. मंग तीन नंबर ओली केली आणि बांधली. माझ्याकडं बघितलं नाय.

तीन गाणी चांगली झाली. मला गाणं कळत नाय, पण श्वास कळतो, कुठं घेतला आणि कुठं पुरला ते. चौथं गाणं ते लाल गाडीवालं. पोरं उभी राहिली. मधल्या उंच सुरावर चिरकलं. सगळ्या पायऱ्यांवर ऐकू गेलं. माझे हात पदरात घट्ट. जपानच्या एका माणसाने मान वळवून दुसऱ्याकडं बघितलं. मला वाटलं आता कोणीतरी येऊन तिच्या हातातून काढून घेणार.

ती थांबली. ड्रमवाला वाजवत राहिला. मंग तिने तोच चिरका आवाज परत काढला. मुद्दाम. मंग परत, दोनदा, ठेक्यात. गिटारवाल्याने तो धरला. ती त्याच्यावरून चढत गेली आणि ते चिरकणं गाण्याचाच भाग झालं. पोरं ओरडायला लागली. चुकलेलं लपवायचं नाय, ते उचलून पुढं न्यायचं, हे त्यांच्या गाण्यात चालतं. आमच्या रस्त्यावर चालत नव्हतं. वरातीचा मालक पैसे कापायचा.

संपल्यावर ती आली तेव्हा तिच्या ओठावर रक्त होतं. मी पदराने पुसलं. जपानची माणसं आली आणि तिच्यापुढं वाकली. मोजून, कमरेतून. ईशा बोलली, पाच कार्यक्रम दिलेत. हारुबाईने त्यांना काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडं हात केला. ती दोन्ही माणसं माझ्यापुढं पण वाकली. संतोष बाजूला उभा होता, त्याने चष्मा काढून पुसला.

पुढच्या आठवड्यात तिने दात काढला. नवा बसवायला आणि त्याच्यावर वाजवायला सहा महिने लागणार. तोपर्यंत बाजूच्या दातांवर टेकवून परत पहिल्यापासून सूर लावायचा. माझे शारजातले राहिलेले दिवस वरून एकच सूर यायचा, सकाळभर, फुटायचा, परत लागायचा. मी पडवीत फेऱ्या मारायची. तो सूर सरळ लागला की मी थांबायची.

घरी आल्यावर ह्यांची डबी काढली. दंतमंजनाची गोल डबी. आत मी तासलेली शेवटची पत्ती आहे, पोलादपूरची. आणि तिच्याखाली कागदात गुंडाळलेली एक कोरी पत्ती. ती तिथं आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मला वाटायचं, चिकटपणा केला, नवीन जपून ठेवली आणि माझी वापरली. पण ही डबी ते वाजवायला जाताना खिशातच ठेवायचे, म्हणजे त्या वरातीला दोन्ही पत्त्या त्यांच्या खिशात होत्या.

कोरी परत कागदात गुंडाळून ठेवली. तासलेली वर ठेवली.